आठवीच्या समावेशक वर्गात जगाच्या कलेचा इतिहास कसा शिकवावा?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवीच्या ३६ मुलांना जगाच्या कलेचा इतिहास शिकवायचा आहे. वर्गात एक मुलगी पूर्ण अंध आहे, एका मुलाला फार कमी दिसतं, दोघांना ऐकू येत नाही, एक स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, एक व्हीलचेअर वापरतो आणि एकीला समजून घ्यायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. प्रोजेक्टरवर ग्रीसपासून पिकासोपर्यंत चाळीस चित्रं दाखवली की यातली बहुतेक मुलं नुसती बसून राहतात. मग करायचं काय?

आधी यादीला कात्री लावा. चाळिसाची चार करा आणि प्रत्येक कलाकृतीला दोन तासिका द्या. ३५ मिनिटांच्या आठ तासिका झाल्या, आठवड्याला एक धरली तर दोन महिने. दहा सेकंद पडद्यावर येऊन गेलेलं चित्र डोळस मुलांच्याही लक्षात राहत नाही. शिवाय चाळीस चित्रांची वर्णनं, बोटांनी वाचायची उठावचित्रं आणि शब्दयाद्या तयार करणं कुठल्याच शिक्षकाला जमत नाही, म्हणून तयारी होते ती फक्त बघून शिकणाऱ्यांची. चारच कृती असल्या तर प्रत्येक कृती सगळ्यांसाठी नीट उघडता येते.

दुसरं, आणि यात तडजोड नको: कृती सगळ्यांना एकच. अंध मुलीला बाजूला बसवून मणी ओवायला द्यायचे, जास्त वेळ लागणारीला रंगवायचा कागद द्यायचा, आणि बाकीच्यांना ‘खरा’ धडा शिकवायचा, हे फार सर्रास चालतं. त्या मुलांना वर्गात बसवलेलं असतं, धड्यातून मात्र काढून टाकलेलं असतं. विषय एकच ठेवा, त्याच्याकडे जायच्या वाटा बदला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ शाळेकडून हीच सोय मागतो. मुख्याध्यापकांकडे साहित्यासाठी पैसे मागताना त्याचा उल्लेख जरूर करा.

निवडीला दोन कसोट्या लावा. कृतीतली मुख्य गोष्ट डोळ्यांखेरीजही कळू शकते का? आणि गोव्यातून त्या कृतीपर्यंत खरा ऐतिहासिक रस्ता जातो का? दुसऱ्या कसोटीत आपण नशीबवान आहोत. सोळाव्या शतकातला गोवा लिस्बन, पश्चिम आफ्रिका आणि जपान यांना जोडणाऱ्या सागरी मार्गावरचं मोठं ठाणं होता. त्यामुळे बाहेरची कला ‘तिकडची’ म्हणून शिकवावी लागत नाही. माझी निवड अशी: ड्यूररचा गेंडा, पणसायमळचा चक्रव्यूह, बेनिनचे पितळी फलक आणि पणजीतले आझुलेजो, म्हणजे निळ्या-पांढऱ्या चित्रफरशा.

गेंड्यापासून सुरू करा, कारण समावेशक वर्गासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकेर्कला एक गेंडा भेट दिला. आल्बुकेर्कने तो पोर्तुगालच्या राजाला पाठवला. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलेला नव्हता. जर्मनीत न्यूरेंबर्गला राहणाऱ्या आल्ब्रेख्त ड्यूररनेही तो कधीच पाहिला नाही. त्याच्यापर्यंत पोचलं ते एक वर्णन आणि एक कच्चं रेखाटन. तेवढ्यावर त्याने चित्र काढलं, ते लाकडी ठशात कोरलं गेलं आणि त्याच्या प्रती युरोपभर गेल्या. पुढची अडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हणजे हाच वाटत होता. प्रत्यक्ष गेंडा १५१६ मध्ये पोपकडे नेताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला.

म्हणजे हे न पाहता केलेलं चित्र आहे. अंध मुलगी आणि ड्यूरर इथे एकाच जागी उभे असतात. धडा याच मुद्द्याभोवती बांधा.

पहिल्या तासिकेत चित्र दाखवूच नका. खवले मांजराचं ऐंशीएक शब्दांचं वर्णन तयार ठेवा: डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत साधारण दोन फूट, शेपटी सव्वा-दीड फुटाची, अंगभर कौलांसारखे एकावर एक चढलेले टणक खवले, पोट आणि तोंड मात्र बिनखवल्याचं, निमुळतं तोंड, दात नाहीत, लांब जीभ, पुढच्या पायांना मोठी वाकडी नखं, घाबरलं की गुंडाळी. हा प्राणी आपल्या जंगलात आहे, पण फार थोड्या मुलांनी पाहिलेला असतो. ज्याने पाहिलाय त्याला वर्णन वाचणाऱ्याचं काम द्या. वर्णन दोनदा सावकाश वाचा. तेच ब्रेलमध्ये, मोठ्या टायपात आणि सांकेतिक भाषेत मिळायला हवं. प्राण्याचं नाव आणि फोटो शेवटपर्यंत नको. मग प्रत्येकाला पाव किलो माती द्या आणि वीस मिनिटांत तो प्राणी घडवू द्या. ३६ मुलांना ९ किलो लागते, १० किलो मागवा. डिचोलीत कुंभारांची माती मिळते, तिथून मळलेलीच आणा. कागदावर चित्र काढून घेऊ नका, माती घ्या, म्हणजे झालेलं काम सगळ्यांना हाताळून पाहता येतं. शेवटची दहा मिनिटं कामं बाकावरून बाकावर फिरवा आणि एकच प्रश्न विचारा: वर्णनात नसलेलं तू काय घातलंस? कुणी कान घातलेले असतात, कुणी शिंग, कुणी कणा.

दुसऱ्या तासिकेत ड्यूरर. त्यानेही हेच केलं हे मुलांना आता सांगावं लागत नाही. गेंड्याच्या कातडीच्या घड्या त्याने चिलखताच्या पत्र्यांसारख्या काढल्या, पायांवर खवले काढले, आणि मानेच्या मागे, खांद्यांवर, एक छोटं पिळदार शिंग बसवलं. ते कुठल्याच गेंड्याला नसतं. त्याने काय बरोबर पकडलं आणि काय स्वतःचं जोडलं, ही चर्चा पंधरा मिनिटं सहज चालते.

चित्राचं तोंडी वर्णन हा स्वतंत्र कौशल्याचा भाग आहे. बहुतेक शिक्षक अर्थापासून सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो. क्रम असा ठेवा: आकार, माध्यम, एकूण मांडणी, मग तपशील, अर्थ सगळ्यात शेवटी. उदाहरणार्थ: “आडव्या ए-फोर कागदाएवढं चित्र. कागदावर काळ्या शाईच्या रेषा, रंग नाही. एकच प्राणी, बाजूने दिसणारा, तोंड उजवीकडे. त्याने जवळजवळ सगळी चौकट भरली आहे, डोकं उजव्या कडेला भिडल्यासारखं. अंगावर मोठाल्या पत्र्यांसारखे भाग, त्यांवर गोल-गोल ठिपके. नाकावर एक जाड शिंग. मानेमागे आणखी एक, बोटाच्या पेराएवढं.” दीड ते दोन मिनिटं पुरे. ‘इथे’, ‘तिकडे’, ‘हे बघा’ हे शब्द गाळा, घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगा. ‘सुंदर’, ‘भव्य’ असले शब्दही नकोत, ते मत मुलीला स्वतःला बनवू द्या. असं वर्णन डोळस मुलांनाही बघायला शिकवतं.

आता उठावचित्र. ए-थ्री आकाराचा ३ मिलिमीटर जाड पुठ्ठा, बाह्यरेषेसाठी २ मिलिमीटरची सुती दोरी, आतल्या भागांच्या कडांसाठी बारीक दोरा आणि जास्तीत जास्त तीन पोत: पत्र्यांना ८० नंबरचा पॉलिश पेपर, पायांना नालीदार पुठ्ठा, पोटाला मलमल. दोन रेषांमध्ये किमान ५-६ मिलिमीटर अंतर ठेवा, नाहीतर बोटाला दोन्ही मिळून एकच रेघ लागते. डोकं आणि दोन्ही शिंगं वेगळ्या ए-फोर पाटीवर मोठी करून द्या. हमखास होणारी चूक म्हणजे चित्रातली प्रत्येक रेघ उठवणं. डोळ्याला तपशील एका नजरेत मिळतो, बोट तुकड्या-तुकड्याने वाचतं, त्यामुळे गर्दी झाली की आकारच हरवतो. ताग वापरला तर त्याचे तंतू बोटाला टोचतात आणि कडा पुसट होतात. लॅमिनेशन करू नका: बोट घसरतं, आणि कमी दिसणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर चकाकी येते. पावसाळ्यात फेव्हिकॉल वाळायला पूर्ण दिवस लागतो आणि पुठ्ठ्याला बुरशी येते, तेव्हा ही तयारी मे महिन्यात उरकून पाट्या कोरड्या डब्यात ठेवा. पाटी तपासताना स्वतः डोळे मिटून हात फिरवणं फसवं आहे, कारण चित्र तुमच्या डोक्यात आधीच असतं. चित्र माहीत नसलेल्या अंध व्यक्तीकडूनच तपासून घ्या. आणि मुलीचा हात धरून फिरवू नका. तुमचा हात खाली ठेवा, तिचा वर, म्हणजे थांबायचं कधी हे तिच्या हातात राहतं.

कमी दिसणाऱ्या मुलाला पडदा उपयोगाचा नाही. त्याला मॅट कागदावरची ए-थ्री प्रत त्याच्या बाकावर द्या, मजकूर १८ पॉइंटपेक्षा मोठा, आणि जागा खिडकीकडे पाठ करून.

ऐकू न येणाऱ्या दोघांची अडचण अगदी वेगळी असते, आणि ती शिक्षकांच्या लक्षात येत नाही कारण चित्र तर त्यांना दिसत असतं. दिवे मालवून प्रोजेक्टर लावला की तुमचे ओठ आणि दुभाष्याचे हात, दोन्ही अंधारात जातात. शिवाय चित्र आणि दुभाषा यांच्याकडे एकाच वेळी बघता येत नाही. म्हणून आधी अर्धा मिनिट सगळ्यांनी शांतपणे बघायचं, कुणी बोलायचं नाही. मग उजेडात, चित्रावरून नजर काढून बोलणं. परत बघणं. ही लय स्वमग्न मुलालाही मानवते. ‘ठसा’, ‘उठाव’, ‘ओतकाम’ असे आठ-दहा शब्द दुभाष्याला किंवा विशेष शिक्षकाला तीन दिवस आधी द्या. ड्यूररसारखं नाव पहिल्यांदा बोटांच्या लिपीत सांगा आणि मग त्या दोन मुलांनाच त्याची खूण ठरवू द्या. बाकी वर्गाने ती शिकावी.

दुसरी कृती पणसायमळ. सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी जांभ्या दगडावर बैल, माणसं आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळाकार आकृती कोरलेली आहे. काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, तेव्हा मुलांना एकच ठाम आकडा देऊ नका. चक्रव्यूहाच्या आकृत्या ग्रीसमधल्या क्नोसोसच्या प्राचीन नाण्यांवर आणि उत्तर युरोपातल्या दगडी रचनांतही सापडतात. इथे शिकवायचं ते हे, की साम्य दिसलं म्हणजे संबंध सिद्ध झाला असं होत नाही.

जागा उंचसखल आहे, पावसात निसरडी होते आणि व्हीलचेअर तिथे नेणं कठीण. म्हणून चक्रव्यूह शाळेच्या मैदानावर आखा. क्नोसोसच्या नाण्यांवर सात वेढ्यांचा असतो, आपण त्याच पद्धतीचा तीन वेढ्यांचा घेऊ. जमिनीवर अधिकचं चिन्ह काढा, प्रत्येक बाहू ९० सेंटिमीटर, आणि चारही कोपऱ्यांत एकेक ठिपका. चिन्हाचं वरचं टोक उजव्या वरच्या ठिपक्याला कमानीने जोडा. मग डावा वरचा ठिपका पहिल्या कमानीवरून नेऊन उजव्या बाहूच्या टोकाला. डाव्या बाहूचं टोक तसंच वरून फिरवून उजव्या खालच्या ठिपक्याला. शेवटी डावा खालचा ठिपका सगळ्याला वळसा घालून चिन्हाच्या खालच्या टोकाला. कमानींमधलं अंतर सगळीकडे ९० सेंटिमीटर ठेवलं की व्हीलचेअर जाते, आणि ठिपक्याभोवतीच्या वळणाला दोन वाटांची मिळून १८० सेंटिमीटर जागा मिळते. एकूण जागा साधारण ७ मीटर लांब-रुंद लागते. रेषांवर काथ्याचं जाड सुंभ ठोकून बसवा, ४० ते ४५ मीटर पुरतं. पांढऱ्या काठीला आणि अनवाणी पायाला ते लगेच कळतं. सैल सुंभात पाय अडकतो, तेव्हा दर फुटाला खिळा हवा आणि त्याचं डोकं जमिनीत पूर्ण गेलेलं हवं. सगळी मुलं आत जाऊन आली की मगच दगडावरच्या कोरीवकामाचा फोटो आणि उठावचित्र बाहेर काढा.

बेनिनवर मी थोडक्यात लिहितो, कारण यातली हातकामाची बाजू सोपी आहे. आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्यात सोळाव्या-सतराव्या शतकात राजवाड्यासाठी पितळी फलक ओतले गेले. त्यांतल्या काहींवर लांब केसांचे, दाढीवाले पोर्तुगीज आहेत, शेजारी त्यांनी व्यापारासाठी आणलेली पितळी कडी आहेत. त्याच काळात पोर्तुगीज इथेही होते, हे मुलांना चटकन भिडतं: तिथल्या कारागिरांनी त्यांना कसं पाहिलं? १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने हजारो वस्तू लुटून नेल्या, २०२२ मध्ये जर्मनीने आपल्याकडच्या अनेकांची मालकी नायजेरियाला दिली. हा भाग वगळू नका, आठवीच्या मुलांना न्याय-अन्याय उत्तम कळतो. करायला द्या ते उठावकाम: पुठ्ठ्यावर दोरी आणि बिया चिकटवून वर दुहेरी अ‍ॅल्युमिनियम फॉइल काडीने दाबायचं. एकेरी फॉइल फाटतं. ज्याच्या हाताची पकड कमी आहे त्याच्यासाठी पुठ्ठ्याखाली रबरी शीट घाला आणि काडीच्या मुठीला जाड कापड गुंडाळा.

एक काळजी मात्र जरूर घ्या. युरोपातल्या चित्राखाली कलाकाराचं नाव आणि वर्ष लिहायचं आणि आफ्रिकेतल्या कलेखाली नुसतं ‘आदिवासी मुखवटा’ लिहायचं, हा जुना अन्याय माहितीफलकांवरूनच वर्गात शिरतो. प्रत्येक कृतीला सारखाच माहितीफलक द्या: करणारा, ठिकाण, काळ, साहित्य, आकार, आज कुठे आहे. नाव नोंदलेलं नसेल तर ‘नाव नोंदलेलं नाही’ असं स्पष्ट लिहा. बेनिनचे ओतारी राजाश्रय असलेल्या संघात काम करत, हेही लिहा.

आझुलेजोसाठी पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशद्वाराशी जॉर्ज कोलासो यांनी १९३५ मध्ये केलेले निळ्या-पांढऱ्या फरशांचे मोठे फलक आहेत, पोर्तुगीज महाकाव्यातल्या प्रसंगांचे. इथे एक फसगत ठरलेली. परवानगी घेऊन अंध मुलीने हात लावला तरी तिला थंड, गुळगुळीत पृष्ठभाग आणि सांधे एवढंच लागतं, कारण रंग झिलईत मिसळलेला असतो. तिला सांधे मोजू द्या, चित्र चौकोनांतून जुळवलेलं आहे हे त्यातून कळतं, आणि एका प्रसंगाचं उठावचित्र सोबत न्या. याच्याबरोबर कावी कला जोडा: पेडण्यातल्या मोरजीच्या मोरजाई मंदिरासारख्या देवळांत पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर देऊन तो खरवडून नक्षी काढली आहे. ही रेघ बोटाला लागते. वर्गात चुना वापरू नका, डोळ्यांना आणि कातडीला भाजतो. दोन वाट्या खडूची भुकटी, एक वाटी फेव्हिकॉल, लागेल तसं पाणी. पुठ्ठ्यावर २ मिलिमीटर थर, वाळल्यावर गेरूचे दोन हात, आणि रिकाम्या बॉलपेनने खरवडायचं. गेरू पूर्ण कडक होण्याआधी खरवडा, नाहीतर थराचे टवके उडतात.

स्वमग्न मुलासाठी तासिकेचा क्रम चार चित्रांच्या पट्टीवर फळ्याशेजारी लावा आणि तो बदलू नका. माती किंवा फेव्हिकॉलचा स्पर्श त्याला सहन होत नसेल तर माती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घडवू द्या. पणजीच्या सहलीआधी त्या जागेचे फोटो, गाडीचा प्रवास, परतायची वेळ हे सगळं त्याला आठवडाभर आधी दाखवा.

काळाचा अंदाज सगळ्यांनाच कठीण जातो, जास्त वेळ लागणाऱ्या मुलीला तर फारच. १० मीटर दोरी घ्या, एक मीटर म्हणजे शंभर वर्षं, सुरुवात १००० पासून. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, ती गाठ ५.१० मीटरवर. गेंडा ५.१५ वर, म्हणजे पाचच सेंटिमीटर पुढे. बेनिनची लूट ८.९७ वर, पणजीच्या फरशा ९.३५ वर, गोवामुक्ती ९.६१ वर. गाठीला वेगळ्या पोताची चिंधी बांधा. पणसायमळ या दोरीवर बसवू नका, तिची चिंधी सुटी ठेवा.

धर्माचा विषय निघणारच. जुवें बेटावर जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी चित्रांत येशूच्या आईला, मेरीला, साडी नेसवली. त्या काळी त्यांच्यावर टीका झाली. ‘हे चालतं का?’ असं कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका, मुलांना प्रश्न परत द्या: युरोपातल्या चित्रकारांनी तिला कुठले कपडे घातले होते, आणि ते तिच्या देशाचे होते का? देवादिकांच्या मूर्तींच्या प्रतिकृती हाताळायला देण्यापूर्वी पालकांना विचारा.

मूल्यमापनाला तीनच निकष ठेवा: कृती कशी बनली याबद्दल एक बरोबर गोष्ट सांगितली का, ती जागेवर आणि काळात बसवली का, आणि स्वतःचं मत कृतीतल्या एखाद्या खुणेच्या आधाराने मांडलं का. उत्तर बोलून, खुणांनी, मातीत, चित्रकार्डं क्रमाने लावून किंवा लिहून, कसंही चालेल. गुण सारखेच. लेखी उत्तराला झुकतं माप दिलं तर मुलं दुसऱ्याच घटक चाचणीपासून बाकीच्या वाटा सोडून देतात.

पहिल्या वर्षी चारही कृती जमल्या नाहीत तर गेंडा आणि चक्रव्यूह एवढंच घ्या. गेंड्याच्या दोन पाट्या करायला दोन जणांना शनिवार-रविवार लागतो. दहावीच्या मुलांना सोबत घेतलं तर दोन संच होतात, आणि दुसरा संच शेजारच्या शाळेला देता येतो.